कापसाच्या खोलीतलं चालणं

वर्ध्याच्या डॉक्टरांनी बाबांना दोन गोष्टी सांगितल्या. विडी आजपासून बंद, नाहीतर दुसरा झटका येईल आणि तो सोडणार नाही. आणि रोज चालायचं, नाहीतर डावा पाय कायमचा जाईल. पण थंडी आहे तोवर सकाळ-संध्याकाळ बाहेर पडायचं नाही, घरातल्या घरात चालायचं. विडीचं ऐकून बाबांनी मान खाली घातली. घरात चालायचं ऐकल्यावर मात्र त्यांनी डॉक्टरकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी गोठ्यात बैलांना कुटार टाकता टाकता ते खाली बसले आणि उठलेच नाहीत. लकवा. तोंड वाकडं, डावा हात लोंबता. मी धावत गेले तेव्हा ते माझ्याकडे पाहून काहीतरी बोलत होते आणि एक शब्द कळत नव्हता. आमचं गाव हमरस्त्यावरच्या जामपासून आत. बैलबंडीतून जामपर्यंत, तिथून एका ट्रकवाल्याच्या पाया पडून वर्ध्याला. मी गावातल्याच शाळेत मास्तरीण होते, लग्न व्हायचं होतं. भाऊ नाही, बहीण नाही. घरात आम्ही तिघंच.

दिवाळी दवाखान्यात गेली. जीभ परत आली, हातही थोडाफार आला. पाय फरफटतच राहिला.

मी आधीच रागीट. घरी आल्या आल्या कोनाडे, उशा, गोठ्यातली खुंटी, सगळं धुंडाळून विड्यांचे कट्टे काढले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत चुलीत घातले. आईने वरून फुंकणी मारली. बाबा खाटेवरून पाहत होते. त्या दिवसापासून मी घरभर वास घेत फिरायची.

विडीचं काम तर झालं. चालायचं काही केल्या होईना.

"घरात चालाले मी काय घाण्याचा बैल आहो?" असं त्यांचं म्हणणं. माणूस कुठं तरी जायला चालतो. वावरात जातो, बाजाराला जातो, कोणाच्या मयतीला जातो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊन तिथं करायचं काय? दुपारी ऊन असे तेव्हा मी म्हणायची, अंगणात तरी चला. तेही नाही. हा माणूस उभ्या उमरीत हिंगणघाटचा बाजार पायी करून आलेला. आता फरफटता पाय गावाला दाखवायचा म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. त्यापेक्षा खाट बरी.

मग मी युक्त्या काढल्या. रेडिओ लावला, म्हटलं गाणी ऐकत चाला. ते खाटेवर बसून ऐकू लागले. रेडिओ ऐकायचा असला तर माणूस बसतो, म्हणाले. मग सुपारीचा डबा माजघराच्या त्या टोकाला ठेवला. त्यांनी एकदाच तिथवर जाऊन मूठभर सुपारी खिशात घातली आणि परत येऊन आडवे झाले. शेवटी मी शाळेतल्या पोरांसारखं करायचं ठरवलं. म्हटलं, बाबा, ही फेरी म्हणजे आपल्या घरापासून नाल्यापर्यंत. ही पुढची, नाल्यापासून चिंचेपर्यंत. आपण जामला निघालो. हे मात्र त्यांना आवडलं. मी सोबत चालायची आणि ते सांगत जायचे, इथं बांध फुटला होता, हे वावर अमक्याच्या मामाने घेतलं, इथं मले एकदा साप आडवा गेलता. काही दिवसांनी आम्ही जामला पोचलो. ते माजघराच्या कोपऱ्यात थांबले, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, जाम आलं, पण चहाचं दुकान कुठं आहे? मी धावत जाऊन चहा केला. चहा पिऊन ते झोपले ते पुन्हा त्या रस्त्याला लागलेच नाहीत. जाऊन आलो न, म्हणाले.

मी चिडले, बोलले, रडलेही. भिंतीवर डोकं आपटल्यासारखं. त्यांचा पाय दिवसेंदिवस बारीक होत होता. आई रोज रात्री मोहरीचं तेल गरम करून मालिश करायची आणि मालिश झाली की दोन्ही हातांच्या बोटांनी पोटरीला वेढा घालायची. बोटं आधी जुळत नव्हती. आता सहज जुळायची.

तोवर कापूस घरात यायला लागला. आमच्याकडे वेचलेला कापूस खरेदीला नेईपर्यंत घरातल्या मोठ्या खोलीत भरून ठेवायचे. खोलीत गंजी चढत जायची आणि भिंतीकडेने फिरायला एक अरुंद वाट ठेवलेली असायची. त्या खोलीचे नियम देवघरापेक्षा कडक. कंदील त्या दाराशी न्यायचा नाही. उदबत्ती नाही. वेचणीवाल्या बायांची तपकीर चालायची, पण गड्याच्या खिशात माचिस असली तर ती ओसरीत काढून ठेवायची आणि मगच आत पाय टाकायचा. एक ठिणगी, की वर्षाची मेहनत गेलीच, घरही गेलं. हे नियम बाबांचेच. लहानपणी मी त्या दाराजवळ फटाक्याची टिकली फोडली होती तेव्हा त्यांनी आयुष्यात एकदाच मला मारलं.

आणि एका संध्याकाळी बाबा आपण होऊन उठले, काठी घेतली आणि म्हणाले, कापसाच्या खोलीत चालतो, तिथं उबारा आहे. मी तोंड उघडं टाकून पाहत राहिले. आईने दार अर्धं लोटलं आणि उंबऱ्याशी तुरीच्या शेंगा सोलत बसली, शेजारी पाण्याची बादली. मला वाटलं, ते पडले-झडले तर म्हणून बसली असेल. आतून पायाचा आवाज येत होता, एक पाय पडायचा, एक घासायचा. दिवेलागणीला ते बाहेर आले. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग होता.

मग हे रोजचंच झालं. संध्याकाळ झाली की स्वारी स्वतः उठायची. आठवडे गेले तसा घासण्याचा आवाज कमी झाला. मला अत्यानंद झाला. माझ्याच जामच्या रस्त्याने हा चमत्कार केला याबद्दल मला शंकाच नव्हती. शाळेत सगळ्यांना सांगितलं. एका बाईंच्या सासूचे गुडघे धरलेले होते, त्यांना म्हटलं, गावाचा रस्ता घरात आणा, म्हातारी कशी चालत नाही पाहते. वर्ध्याला डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, खूश झाले, काय केलं म्हणाले. मी पुढे होऊन सगळं सांगितलं. आई आणि बाबा दोघंही खाली पाहत होते. साधी माणसं, मोठ्या डॉक्टरपुढे लाजतात, असं मला वाटलं.

संक्रांत झाली आणि कापूस खरेदीला न्यायचा दिवस आला. बंड्या भरल्या, पोरांनी वर चढून पायांनी कापूस खुंदून दाबला, बंड्या गेल्या. मी रिकामी खोली झाडायला आत गेले. मागच्या भिंतीत, दारापासून जाणाऱ्या वाटेच्या टोकाला, एक कोनाडा होता. त्यात एक फुटकी वाटी. वाटीत विडीची थोटकं. बाजूला माचिस.

मी तिथेच खाली बसून एक थोटूक उचललं. गड्याची नव्हती ती. विडीचं टोक दातांनी चावून चपटं करायची सवय आमच्या घरात एकाच माणसाला. मी हात लावून पाहिलं, कोनाड्याच्या कडेला कापसाचे तंतू चिकटलेले. हातभर अंतरावर गंजी होती. गंजी आढ्याला भिडलेली आणि त्या भिंतीपलीकडे आम्ही तिघं झोपत होतो. डोळ्यांपुढे सगळं घर पेटलेलं दिसलं, गोठ्यासकट.

वाटी घेऊन मी ओसरीत आले. बाबा उन्हात बसले होते. मी वाटी त्यांच्यापुढे आपटली. काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. घर, बैल, आई, वर्षाचं पीक, डॉक्टर, झटका, सगळं काढलं. तुम्हाले काही वाटलं कसं नाई, असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. शेजारच्यांनी कुंपणातून डोकावलं तरी मी थांबले नाही. बाबा माझ्याकडे पाहतच नव्हते. ते आईकडे पाहत होते.

आई तूर पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"मी देत होती त्यायले," ती म्हणाली.

मला वाटलं, नवऱ्याला वाचवते आहे. मी तसं म्हटलंही. तर तिने शांतपणे सगळं सांगितलं. रोज एक विडी. दिवेलागणीपर्यंत चालले तर. पाय टेकवून, काठीवर भार न देता चालले तरच. कट्टा ती बाजारातून आणायची आणि पिठाच्या डब्यात ठेवायची. आणि कापसाची खोली का? तर माझ्यामुळे. मी घरभर वास घेत फिरायची. सरकीच्या वासात विडी लपायची. बादली त्यासाठीच होती. ती रोज संध्याकाळी उंबऱ्याशी बसून त्या एका लाल टोकावर नजर ठेवून असायची, शेंगा सोलायच्या नुसत्या हाताने.

बाबांनी चोरून केलं असतं तर समजू शकले असते, व्यसनी माणूस. पण आई! देवाचा दिवा लावतानासुद्धा त्या खोलीकडे पाठ करणारी बाई.

"अन् कापूस?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"कापूस जळला तं पुढच्या साली येते," ती म्हणाली. "हा माणूस खाटेवर वाळला तं येईन का?"

डॉक्टरांचं काय, विडीने दुसरा झटका येतो त्याचं काय, असं मी विचारलं. तो येईल तेव्हा येईल, म्हणाली, पाय तर आत्ता जाऊन राह्यला होता. आणि मग तिने मला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. तिच्या बापालाही लकवाच झाला होता. तो कित्येक वर्षं खाटेवर होता. पाठीला जखमा पडल्या, त्यात किडे झाले. ते ती धुवायची, तेव्हा ती परकरात होती. शेवटी शेवटी तो माणूस पोरीला म्हणायचा, मले विहिरीत लोट. हे तिने तूर पाखडतानाच्याच आवाजात सांगितलं.

बाबा मास्तरीणबाईंपुढे उभ्या केलेल्या पोराच्या सुरात म्हणाले, "तू म्हणशीन तं बंद करतो. दोन्ही."

मी त्यांच्या पायाकडे पाहिलं. पोटरी भरली होती. काय म्हणणार? कप्पाळ! त्या संध्याकाळपासून बाबा माजघर ते स्वयंपाकघर चालू लागले आणि विडी चुलीजवळ बसून ओढू लागले, माझ्यासमोर. मी नाकाला पदर लावून वह्या तपासायची. गंमत अशी की त्यांना आता जामच्या रस्त्याचीही पुन्हा आठवण झाली. नाला आला, चिंच आली, असं म्हणत जायचे आणि चुलीशी पोचले की जाम.

पुढच्या हिवाळ्यात आई तापाने पडली. बाजार चुकला, डब्यातला कट्टा संपला. बाबा काही बोलले नाहीत, पण दोन दिवस उठलेही नाहीत. तिसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी दुकानात गेले आणि विड्यांचा कट्टा मागितला. दुकानदाराने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या हातातल्या खडूच्या खोक्याकडे पाहिलं. द्या गुमान, म्हटलं. आईने मला सांगितलं नव्हतं, तिला तर शुद्धही धड नव्हती. मी आपल्या मनाने आणला. घरी येऊन पिठाच्या डब्यात ठेवला. त्यानंतरही एक-दोनदा आणला.

मग माझं लग्न झालं, मी पिपरी मेघेला आले. बाबा आणखी काही वर्षं चालले. वावरापर्यंत, बाजारापर्यंत, काठीशिवाय. आणि एका सकाळी वावरातून परत येताना नाल्याजवळ बसले आणि तिथेच गेले. लोकांनी आणलं तेव्हा पायात वहाणा तशाच होत्या. डॉक्टरला विचारायला काही उरलंच नव्हतं. दुसरा झटका.

तेरवी झाली, पाहुणे गेले. दुपारी आम्ही दोघीच माजघरात बसलो होतो. आई इतके दिवस रडली नव्हती, बोललीही नव्हती. ती जमिनीकडे पाहत म्हणाली,

"तुया बापाले मीनं मारलं का वं?"

जन्मात तिने मला कधी विचारलं नव्हतं की मी केलं ते बरोबर का चूक. मी लगेच नाही म्हटलं. काहीतरीच काय, म्हटलं, त्यांचं वय झालं होतं, रक्तदाब होता. भरभर बोलत सुटले. इतकी भरभर की माझं मलाच ते ऐकवेना.

आईने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू आनल्या त्या मनात नको धरू," ती म्हणाली. "त्या मीनंच तुले सांगतल्या होत्या."