निरगुडीचं कुंपण आणि कुणाची तरी कंबर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. नगरला राहून वनस्पतिशास्त्राची बी.एस्सी. झाले. हे मी आजही कुणी न विचारता सांगते. आप्पांना मात्र गावात कुणी विचारलं, "थोरली काय शिकली?" तर ते म्हणायचे, "झाडपाला."

सत्तर-एकाहत्तरचा सुमार असेल. मी पदवी घेऊन घरी आले होते आणि धाकटी अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला गेली होती. तिलाही नगरला शिकायचं होतं. आप्पांचं म्हणणं एकच, "एकीला शिकवून काय उजेड पडला ते आदी दिसू द्या."

उजेड पाडायला मला जागा मिळाली ती घरामागच्या आईच्या वाफ्यांत. तिथं वांगी, मिरच्या, घेवडा. भोवती आप्पा दरसाल बोरी-बाभळीच्या काट्या रोवायचे, दरसाल त्यांना वाळवी लागायची आणि शेजारच्या मावशीच्या शेळ्या आत शिरायच्या.

मी म्हटलं, "निरगुडी लावते. जिवंत कुंपण. शेळी तोंड लावत नाही."

"आन लावलं तर?"

"तर धाकटी घरी बसेल. पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शेळ्या थांबल्या, तर तिला नगरला धाडायचं."

चुलीपुढून धाकटी ओरडली, "माझ्या जिवावर पैज लावतीस व्हय गं?"

आप्पांना हसू आलं. "जा, लाव."

निरगुडी मला डोळे झाकून ओळखता येते. पहिल्या वर्षी सरांनी फांदी पुढं ठेवली, तेव्हा शहरातल्या मुली पुस्तक चाळत होत्या. मी पान चुरगळलं आणि नाव सांगून मोकळी झाले. एका देठाला तीन नाहीतर पाच पानं, हाताच्या बोटांसारखी पसरलेली. वरून हिरवी, खालून पीठ लागल्यागत पांढुरकी. कोवळी काडी चौकोनी. आणि वास असा कडसर, की सकाळी पान चुरगळलं तर दुपारी भाकरीच्या घासालाही येतो.

ओढ्याकाठून बोटाएवढ्या जाड फांद्या आणल्या. वीत-दीड वीत तुकडे केले, खालचं टोक तिरकं कापलं, दोन पेरं मातीत आणि दोन वर ठेवून दाटीनं खोचले. आप्पा बघून म्हणाले, "खराटं पेरलं का काय?"

आषाढात खराट्यांना कोंब फुटले. गणपतीपर्यंत कुंपण कमरेला लागलं. मावशीची म्होरकी शेळी आली, हुंगली, शिंकली आणि माघारी फिरली. धाकटी टाळ्या पिटत तिच्या मागं धावली.

शेळी गेली, पण शेळीची मालकीण आली. "पोरी, गुडघं लई धरल्यात बग. शेकायला चार डहाळ्या ने‌ऊ का?" नेल्या. मग तिच्या तोंडून गावाला कळलं. कुणाला बाळंतिणीच्या अंघोळीला पाला हवा, कुणाला सर्दीवर वाफ घ्यायला, कुणाला धान्यात घालायला. ओढा लांब, आमचं कुंपण जवळ. दुखणाऱ्या माणसाला पाला द्यायला नाही म्हणायचं तरी कसं?

दिवाळीच्या तोंडावर गोठ्याच्या बाजूला चांगली खिंड पडली. त्यातून तीच शेळी आत येऊन वांगी खाऊन गेली.

"शेळीला कळतंय," आप्पा म्हणाले, "पन मानसास्नी कोन आवरनार? हरला तुमी."

धाकटी आत गेली. मी खिंडीपाशी जाऊन बसले. मावशी आणि बाकीच्या बाया रस्त्याच्या अंगानं ओरबाडून पाला न्यायच्या. इथं मात्र फांद्या धारदार विळ्यानं, पार बुडातून कापलेल्या. आणि गोठ्याकडं परकं माणूस फिरकत नव्हतं.

रात्री वाढायला वाकले, तर आप्पांच्या कमरेच्या फडक्यातून ओळखीचा वास आला.

"आप्पा, ही खिंड कुणाच्या कमरेची?"

आईनं तोंडाला पदर लावला. पाला गरम करून बांधणारी तीच.

आप्पांनी घास सावकाश गिळला. "मानूस हाय मी. दुखतंय मला."

"पण शेळीला वाट तुम्ही केली," धाकटी आतून म्हणाली. "मग हरलं कोण?"

"बरं, बरं. उन्हाळ्यापत्तुर बगू."

दुसऱ्या दिवशी मी कुंपणालाच विळा टांगला. पाला न्या, पण कमरेच्या वर कापा, पेराच्या वर कापा, आणि काल कापलं तिथं आज हात लावू नका. मावशी म्हणाली, "आता पाला न्यायलाबी साळा शिकायची का?"

"व्हय मावशी. चुकलात तर छडी."

शेंडा छाटला की खालून दोन फुटतात, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. आता सगळं गाव माझं कुंपण फुकट छाटत होतं. बुडातून कापलेली ठुटंसुद्धा झुडपागत फुटली. उन्हाळ्यात त्यातून कोंबडीही जाईना. म्होरकी बाहेर उभी राहून आमच्या घेवड्याकडं बघत बें-बें करायची.

धाकटी पास झाली. जूनमध्ये आम्ही तिघं एस.टी.त बसलो. धाकटीच्या मांडीवर ट्रंक, पायाशी बाजरीचं पोतं. किडे होऊ नयेत म्हणून आप्पांनी स्वतः त्यात सावलीत वाळवलेला निरगुडीचा पाला थरांथरांनी घातला होता.

कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि नाक वर करून थांबला. "कुनाची कंबर धरलीय गाडीत?"

आप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. "दोन पुरी, एक अर्धं," म्हणाले.

"आप्पा!" धाकटी ओरडली. "मी कॉलेजला चाललेय!"

"मग तीन पुरी," आप्पा म्हणाले, आणि पोतं पायानं जरा आत सारलं.