अनारकुलने नान दिला नाही

लांडग्याला काठी घेऊन हाकलणारी अनारकुल कागदाला मात्र टरकायची. नारीनच्या डोंगरात तिचा जन्म गेला. नवरा तोक्तोसुन कोळशाच्या खाणीत राबून राबून छाती निकामी झालेला. प्राणवायूच्या यंत्राची नळी नाकात असेल तरच त्याचा श्वास चालायचा. यंत्र भाड्याचं, देखभाल ते देणाऱ्या कंपनीची.

करार घेऊन कंपनीचा उलान आला, तेव्हा त्याने आधी नान मोडून तोंडात टाकला, चेहऱ्यावरून हात फिरवून दुवा दिली. आपल्या घरचा नान खाल्लेल्या माणसासमोर त्याचाच कागद वाचत बसायचं? म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणायचं. तिने न वाचता सही ठोकली. हसू नका, नारीनमध्ये कुणीही हेच केलं असतं.

हिवाळ्यात यंत्र खरखरू लागलं. कंपनीचा माणूस काही येईना, म्हणून तिने गावातल्या मेकॅनिककडून जाळी साफ करून घेतली आणि भाबडेपणाने कंपनीला तसं कळवलंही.

उलानचा फोन आला. "आपा, परक्याचा हात लागला, करार मोडला. उद्या यंत्र उचलतो."

ग्राहकांची वकिली करणाऱ्या गुलजातकडे ती धावत गेली.

"सही माझीच आहे गं पोरी."

"असू दे की, आपा! असली जाचक अट सही केली तरी कायद्यापुढे टिकत नाही. कोर्टाच्या हुकमाशिवाय त्यांना यंत्र नेता येणार नाही. फक्त तुम्ही आपण होऊन देऊ नका."

दुसऱ्या दिवशी उलान दारात, सोबत दोन दांडगे.

"आपा, काय मरणाची थंडी आहे! नान तरी चाखू द्या."

नान चाखला की तो पाहुणा. मग त्याला आत घ्यायचं, आणि पाहुण्याने मागितलेल्या वस्तूला नाही म्हणायला तिची जीभ कधी वळली नव्हती. हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं. आत यंत्र घरघरत होतं.

"कोर्टाचा हुकूम आणलास?"

"घरच्या माणसांत कसलं कोर्ट, आपा?"

"मग नान नाही."

दांडग्यांनी माना खाली घातल्या. उलान लालबुंद झाला. "कोर्टातून येतो," असं पुटपुटत तो निघून गेला.

तिने कडी लावली.

"कोण होतं गं?" आतून तोक्तोसुनने धापा टाकत विचारलं. "नान दिलास ना?"

"दिला," ती म्हणाली, आणि त्याच्या नाकातली नळी सारखी केली.