बिनबंदुकीचा संपादक

जपानमध्ये हिगाशी-कासाईतलं ते घर आम्हाला मिळालं तेव्हा एजंटाने एकच अट सांगितली होती, शेजाऱ्यांची तक्रार नसली तर पुढच्या वर्षी मार्चमध्ये करार वाढेल. त्याआधी बऱ्याच घरमालकांनी आमची नावं ऐकूनच नकार दिला होता. मुलगी नुकतीच बालवाडीत रुळली होती, तिला तिथे एक मैत्रीणही मिळाली होती, आणि नवऱ्याला कावासाकी शहरातल्या ऑफिसातून परत यायलाच इतका उशीर व्हायचा की पुन्हा घरं शोधत हिंडायची ताकद आमच्यात उरली नव्हती. त्यामुळे हे घर टिकवणं हे त्या वर्षीचं माझं मुख्य काम होतं. आणि ते काम माझ्याकडे, म्हणजे तोंडावर ताबा नसलेल्या बाईकडे आलं होतं.

तक्रार मात्र पहिल्याच महिन्यात झाली. तिथे काइरानबान नावाचा प्रकार असतो. एका पाटीला कागद लावलेले असतात, कचऱ्याचे वार, नळदुरुस्ती, असलं काहीबाही. ती पाटी जिन्यातल्या एका घराने वाचायची, आपल्या नावाचा छोटा शिक्का मारायचा आणि पुढच्या घराच्या दाराला अडकवायची. त्या पाटीवर एक दिवस आलं, ‘एका घरातून रोज सकाळी वाफेची जोरदार शिट्टी ऐकू येते. गॅसगळती नाही ना, हे त्या घराने कृपया तपासावे.’ पुढच्या खेपेला आलं, ‘एका घरातून तीव्र वास येतो व गॅलरीत वाळत घातलेल्या गाद्यांना लागतो.’

एका घरातून म्हणे! अख्ख्या जिन्यात प्रेशर कुकर आणि मोहरी-हिंग असलेलं घर एकच होतं. नाव घातलं असतं तर मी सरळ जाऊन भांडले तरी असते.

हे कागद मला वाचून दाखवायचे ते शेजारचे आजोबा. रेल्वे स्टेशनवर तिकिटं तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता, बायको वारली होती, आणि आता दुपारी जेवताना टीव्ही बघणं हा त्यांचा एकमेव कार्यक्रम होता. टीव्हीवर लागायची एक जुनी अमेरिकन मालिका, काळी-पांढरी, जपानी आवाज घातलेली. धुळीचं गाव, घोडे, दारूचा गुत्ता आणि त्या गावात वर्तमानपत्र काढणारा एक संपादक. त्याच्याकडे बंदूक नव्हती. तो शाई आणि छपाईचे खिळे वापरायचा. दर भागात गुंड येऊन त्याचं छापायचं यंत्र मोडायचे, त्याला बदडायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंक निघायचा. जपानी आवाजामुळे तो दरोडेखोरांशीही इतक्या आदबीने बोलायचा की हसू यायचं. “आपणास तसदी देतो, परंतु आपली बंदूक माझ्या कपाळावरून जराशी बाजूला घ्याल का?”

मुलगी बालवाडीत गेली की मी डब्यात पोहे घालून आजोबांकडे जायची. ते पोहे चॉपस्टिकने एकेक दाणा उचलून खात आणि संपादकावर डोळे लावून बसत.

“तुम्ही हिंदुस्थानातल्या,” ते म्हणायचे, “तुम्हाला हा माणूस कळेल.”

मला तो कळत होता, पण पटत नव्हता. “आजोबा, हा बंदूक धरत नाही हे खरं. पण शेवटी गुंड मरतोच की! दर वेळी कुणीतरी छपरावरून गोळी घालतं, आणि हे महाशय खाली टोपी झटकत उभे. ही कसली अहिंसा?”

आजोबा पोह्यांचा आणखी एक दाणा उचलायचे आणि म्हणायचे, “तरीपण लेख त्याने लिहिला होता.”

एप्रिलमध्ये जिन्याचं प्रमुखपद आमच्या घराकडे आलं. ते दरवर्षी आळीपाळीने फिरतं. प्रमुखाने पाटीवर कागद लावायचे आणि पाटी फिरवायची, इतकंच. पण माझ्या हातात पाटी आली म्हणजे माझ्या हातात वर्तमानपत्र आलं, असं माझ्या डोक्याने घेतलं. वॉर्डाच्या कागदांखाली मी माझा एक कागद लावला, ‘जिना-वार्ता, अंक पहिला’. मथळा होता, ‘शिट्टीविषयी खुलासा’. वरणाला किती शिट्ट्या, छोल्यांना किती, आणि शिट्टी न होणं हेच कसं काळजीचं, हे सगळं लिहिलं. जपानी माझं कच्चं होतं. आजोबांनी अक्षरं सुधारून दिली, मजकुराला हात लावला नाही. “संपादकाचा शब्द कापायचा नसतो,” म्हणाले.

नवरा घाबरला. “अगं, इथे कुणी असं लिहीत नाही. आमच्याकडे साधा बग रिपोर्ट केला तरी आधी तीन ओळी सॉरी म्हणतात. तू प्लीज हे एस्कलेट करू नकोस. करार रिन्यू व्हायचाय.”

“त्यासाठीच तर लिहितेय,” मी म्हटलं.

पाटी आठवड्याने परत आली. सगळ्यांचे शिक्के होते, सरळ, चौकटीच्या बरोबर मध्ये, कुठे शाईचा डाग नाही. मला काय आनंद झाला! मी वाढले पुण्याच्या सोसायटीत. तिथे एखाद्या कागदावर सगळ्यांच्या सह्या होणं म्हणजे ठराव मंजूर. वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीच्या रंगावरून लोक खुर्च्या उचलतात, पण सही करत नाहीत. इथे अख्खा जिना पहिल्याच अंकाला माझ्या बाजूने उभा राहिला होता. शिक्क्याचा अर्थ फक्त ‘वाचलं’ एवढाच असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायची गरज मला वाटली नव्हती.

मग काय, लेखणी सुटली. ‘एक घर म्हणजे कोणते घर?’ असा अग्रलेख झाला. ‘फोडणी: समज आणि गैरसमज’ झाला. दिवाळीच्या अंकात तर मी लिहिलं, ‘एका घरातून रोज मासा भाजल्याचा वास येतो. त्या घराविरुद्ध आमची तक्रार नाही. त्या घराने फक्त आमच्या गाद्यांचाही विचार करावा.’ आजोबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं, आणि ‘गादी’ची अक्षरं सुधारून दिली. पाटी पुन्हा सर्व शिक्क्यांसह परत. जिन्यात सगळे मला वाकून नमस्कार करत होते, पूर्वीपेक्षा जास्तच.

मार्चमध्ये एजंटाचा फोन आला. करार वाढला. “शेजाऱ्यांनी आपल्याबद्दल फारच चांगलं सांगितलं,” तो म्हणाला. मी नवऱ्याला ऑफिसात फोन करून म्हटलं, “बघ. लिहिल्याने होतं.”

त्या आनंदात मी बेसनाचे लाडू केले आणि घरोघरी द्यायला निघाले. पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या दारात, चपलांच्या कपाटावर, हिरव्या झाकणाचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात किल्ल्या. समोरच्या घरातही तसाच डबा, त्यात मांजराचं खाणं. वरच्या मजल्यावर मुलांचे खडू, तेही हिरव्या झाकणाच्या डब्यात. एका घरात तर असे डबे एकावर एक रचून त्यावर फोन ठेवलेला. मी परत आजींकडे गेले आणि विचारलं, की या डब्यांची जाहिरात वगैरे होती का.

“तुमचे शेजारी आजोबा आणतात ना,” आजी म्हणाल्या. “दर अंकानंतर. दारात उभे राहून इतके खाली वाकतात की मलाच त्यांच्या कमरेची काळजी वाटते. बिचाऱ्या नव्या आहेत, म्हणतात, सांभाळून घ्या.”

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. मी तशीच आजोबांच्या घरात घुसले. मालिका लागलेली होती.

“मी चुकीचं काय लिहिलं होतं?”

“काहीच नाही,” आजोबा म्हणाले.

“मग माफी कसली मागत होता?”

“चुकीचं असतं तर लोक हसले असते. बरोबर होतं म्हणून लागलं. म्हणून मला जावं लागलं.”

“मला सांगायचं तरी!”

त्यांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. रस्त्यात धूळ, गुंड आडवा, संपादक टोपी झटकत होता. “तो कधी वर बघतो का?” आजोबांनी विचारलं. “छपरावर कोण आहे, हे त्याला कळलं की तो जपून लिहायला लागेल.”

मला खूप राग आला होता आणि त्याच वेळी रडूही येत होतं. मी डब्यातला लाडू काढून त्यांच्या हातावर ठेवला. तो त्यांनी चॉपस्टिकने खायचा प्रयत्न केला, मग हाताने खाल्ला.

पुढच्या वर्षी आजोबांना त्यांच्या मुलीने उरायासुला नेलं. टीव्ही ते सोबत घेऊन गेले. त्यांच्या घरात नागपूरचं एक जोडपं आलं, दोन लहान मुलं, नवरा बँकेच्या प्रोजेक्टवर. बाई तिखट होती. काही वर्षांनी प्रमुखपद तिच्याकडे गेलं, आणि पाटीवर ‘एका घरातून धावण्याचा आवाज येतो’ असं येताच तिने खाली उत्तर लावलं, ‘मुलं धावतात, कारण ती मुलं आहेत. जी मुलं धावत नाहीत त्यांना डॉक्टरकडे नेतात. तक्रार करणारे स्वतः लहानपणी चालत होते काय?’ त्यांचाही करार येत्या मार्चमध्ये संपत होता.

मी ते वाचून स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने हसले. एक शब्द कापण्यासारखा नव्हता. मी शिक्का मारला, पाटी पुढच्या दाराला अडकवली, पर्स घेतली आणि स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन हिरव्या झाकणाचे डबे घेऊन आले.

पहिल्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडलं. आता त्या फार वाकल्या होत्या. माझ्या हातातल्या डब्याकडे बघून म्हणाल्या, “आता तुम्ही का?”

मी वाकायला लागले तर त्यांनी हात धरून थांबवलं. “असं नाही. मला आता बारीक अक्षर दिसत नाही, नुसता शिक्का मारते. आजोबा आधी वाचून दाखवायचे. सगळं, मोठ्याने, त्या टीव्हीतल्या संपादकाच्या आवाजात. तुमचा माशाचा अंक मी त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतला होता. मासा माझाच होता. मग माफी मागायचे.”

मी पाटी पुढच्या दारावरून काढून आणली आणि आजींच्या दारात उभी राहून सगळं वाचलं, एकही शब्द न गाळता. मग वाकले.