दाजी आणि त्यांची पिंपं

वैद्याने आजाऱ्याच्या छातीला लावावा तसा वाइनच्या पिंपाला कान लावून बसणारा माणूस उभ्या सोलापुरात एकच होता, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. आमचे वडील याला भोग म्हणत; मी भाग्य म्हणतो. दाजी मुळात शाळेत शास्त्र शिकवायचे. कपाळाला गंध, डोक्याला रुमाल आणि सुपारीचंही व्यसन नाही. असा हा माणूस एका सुट्टीत नाशिकला गेला आणि द्राक्षवेलीच्या काड्या ओल्या धोतरात गुंडाळून घेऊन आला. होटगीच्या रस्त्याला त्यांचा वडिलार्जित मळा होता, विहिरीला पाणी होतं. आपल्या उन्हात द्राक्षं कसली येतात, म्हणून सगळे हसले. द्राक्षं आली. इतकी आली की शेजाऱ्यांना वाटून, पाहुण्यांच्या गळ्यात बांधूनही उरली. उरलेल्यांचं काय करावं, हे दाजींनी एका इंग्रजी पुस्तकात वाचलं आणि घर ढवळून निघालं.

पहिली वाइन अक्काच्या लोणच्याच्या बरण्यांत झाली. बरण्यांना फडकी बांधायची सोडून दाजींनी लाकडी बुचं ठोकून बसवली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायका आंब्याची डाळ खात बसल्या असताना कोठीच्या खोलीत बंदुकीसारखे बार झाले. एक वकिलीणबाई हातात पन्ह्याचा पेला तसाच धरून घरापर्यंत धावल्या. दुसऱ्या दिवसापासून गावाने दाजींना पंक्तीला बोलावणं बंद केलं. आमचे वडील रागारागाने जाब विचारायला गेले, तर दाजींनी त्यांना पाट दिला आणि शांतपणे म्हणाले, "द्राक्ष वाळलं की बेदाणा होतो, मुरलं की वाइन होते. बेदाणा सोवळ्यात चालतो आणि वाइन का चालत नाही, हे मला एकदा समजावून सांगा, मी सगळं बंद करतो." वडील ताक पिऊन परत आले.

खरी अडचण निराळीच होती. मद्याचा थेंबही जिभेला लावणार नाही, असं वचन दाजींनी आपल्या आईला दिलेलं. मग चव बघणार कोण? मळ्यावरच्या मल्लप्पाला पेला दिला, तर "लई ब्येस हाय की, मालक," एवढंच म्हणून त्याने रिकामा पेला पुन्हा पुढे केला. शेवटी अक्का चिडली. "आणा इकडं, एकदाच तोंडावर सांगते किती वाईट झालंय ते," म्हणून तिने चमचाभर तोंडात घेतलं, घोळवलं, शेवग्याच्या बुंध्याशी थुंकलं आणि म्हणाली, "द्राक्षांची सालं रसात फार वेळ राहिलीत. चहा जास्त उकळला की होतो तसला कडवटपणा आलाय." त्या दिवसापासून अक्का म्हणेल तेव्हा सालं निघू लागली. चव घेतल्यावर ती चूळ भरी, पाय धुई आणि मगच देवाशी दिवा लावी.

तिच्या जिभेवर धंदा वाढला. दाजींनी नोकरी सोडली, अबकारीचा परवाना काढला, मळ्यातल्या घराखाली तळघर खणलं. बरण्यांची पिंपं झाली. मिशनचे पाद्रीबाबा प्रार्थनेसाठी वाइन नेऊ लागले, मग रेल्वेचे साहेब मागवू लागले. उन्हाळ्यात दाजी पिंपांवर ओली पोती घालत आणि ताप आलेल्या मुलांच्या उशाशी बसावं तसे दुपारभर तिथंच बसत. त्यांची मुलगी बनू बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवी. तिच्या वळणदार अक्षराचा दाजींना वाइनपेक्षा जास्त अभिमान होता.

मग स्वराज्याच्या चळवळीत दारूच्या दुकानांची वाट अडवणारी निरोधनं सुरू झाली, आणि एका सकाळी खादी नेसलेल्या चारदोन बायका मळ्याच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांत पुढे बनू होती. मी त्या दिवशी तिथंच होतो. दाजी बाहेर आले, लेकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बने, उन्हात कशाला? त्या लिंबाखाली उभी राहा. फाटक तिथूनही अडवता येतं." ती हलली नाही. पिंपांनी भरलेली गाडी निघाली तशी ती सरळ चाकांपुढे आडवी झाली. मल्लप्पाने कासरा ओढला. "मालक, बनूताई हायत्या म्होरं. मी न्हाय हाकायचा." दाजींनी बैल सोडायला सांगितलं.

काही दिवस असेच गेले. अक्का एक डबा फाटकाशी नेई, एक तळघरात. शेवटी दाजी स्वतः लेकीसमोर जाऊन बसले. "अगं, गिरणीतले लोक माझी वाइन पीत नाहीत. त्यांना ती परवडत नाही आणि आवडतही नाही."

"ठाऊक आहे, बाबा," बनू म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पण मी गिरणीच्या चाळीतून जाते ना, तेव्हा दारुड्या नवऱ्यांचा मार खाल्लेल्या बायका मला विचारतात, तुझा बाप काय करतो? मी काय सांगू?"

दाजी उठून आत गेले. त्या हंगामापासून त्यांनी नवं पिंप भरलं नाही.

पुढे बनू मिरवणुकीत पकडली गेली. द्राक्षं उतरल्यावर दाजी मोठी टोपली घेऊन तुरुंगात भेटीला गेले. परत आले तेव्हा मी स्टेशनावर होतो. कशी आहे, विचारलं, तर म्हणाले, "बरी आहे. बायका पुष्कळ आहेत रे तिथं, द्राक्षं सगळ्यांना पुरली नाहीत. वेल वाढवायला हवेत."

त्यांनी वेल वाढवले. बेदाणा केला, तोही चांगला विकला. गाव पुन्हा पंक्तीला बोलावू लागलं आणि दाजी जातही. पण बेदाणा आणि वाइनचा तो जुना वाद तिथं कधी काढत नसत. बनू सुटून आली त्या दुपारी मी मळ्यावर गेलो, तर घरात अक्का एकटीच. तिने खाली तळघराकडे बोट दाखवलं. पायऱ्यांवरून मी डोकावलो. रिकाम्या तळघरात बापलेक भिंतीला टेकून शेजारी शेजारी बसले होते. दाजींनी मला पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मोठ्यानं बोलू नकोस. आत्ताच डोळा लागलाय तिचा." बनूचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. मी चपला हातात घेतल्या आणि वर आलो.