लिफ्टवाल्याची बिनदांड्याची स्टिक

माझे सासरे जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले आणि जन्मभर त्यांचं एकाच जातीच्या माणसांशी वाकडं होतं. लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबणाऱ्यांशी. लग्न ठरायच्या आधी आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी नेमकी लिफ्टसमोर उभी राहून बटण बडवत होते. मागून आवाज आला, "एकदा दाबलं की पुरे. तिला कळतं." मी वळूनही न बघता म्हटलं, तिला कळतं तर ती येत का नाही? मग वळून बघितलं, तर होणारे सासरे. शेजारी उभ्या असलेल्या होणाऱ्या सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. लग्न मोडलं असं मी धरून चालले होते, पण झालं उलटंच. घरात तोंड असलेलं माणूस हवंच होतं, असं आई मला नंतर म्हणाल्या. मी सासूबाईंना आई म्हणते आणि सासऱ्यांना बाबा.

आता गंमत बघा. ज्या घरात एकदा दाबलं की पुरे, त्या घरात मी आले, आणि मी अर्धं आयुष्य बटणं बडवण्यात घालवलेली बाई. मारामारीचे व्हिडिओ गेम खेळते मी. पडद्यावर दोघं समोरासमोर उभे असतात, एक तुमचा, एक समोरच्याचा, आणि जो आडवा होईल तो हरला. शाळेत होते तेव्हापासून गेमच्या दुकानात उभी राहून खेळायचे. पुढे दुकान बंद पडलं, तशी घरी स्टिक घेतली. स्टिक म्हणजे एक चपटी पेटी. डाव्या हाताला दांडा, त्याने आपला गडी पुढे-मागे करायचा, आणि उजव्या हाताला बटणं, त्यांनी ठोसे-लाथा मारायच्या. नोकरी पार्सलच्या काउंटरवर, दिवसभर लोकांची कटकट. संध्याकाळी तासभर कोणाला तरी पडद्यावर बदडलं की माझं डोकं शांत व्हायचं. नवऱ्याला हे लवकर कळलं, शहाणा माणूस.

आमचं घर लहान, खाली दोन खोल्या, वर दोन, मध्ये अंधारा जिना. वरच्या एका खोलीत आईंचं शिलाई मशीन. जिन्यात एकच दिवा आणि त्याची बटणं दोन, एक खाली, एक वर, म्हणजे कुठूनही लावता किंवा घालवता येतो. रोज संध्याकाळी मी कामावरून येऊन खालचं बटण दाबायचे, आणि माझी चाहूल लागली म्हणून आई त्याच क्षणी वरचं दाबायच्या. झालं, अंधार. मग मी खालून ओरडायचे, त्या वरून. बाबांना किती वेळा सांगितलं, हे जरा बघा हो. ते म्हणायचे, दिव्यात काही बिघाड नाही, बिघाड तुम्हा दोघींत आहे. मुळात जिन्याच्या कुठल्याच गोष्टीला ते हात लावत नसत. जिना म्हणजे लिफ्टला जागा उरली नाही म्हणून केलेली तडजोड, असं त्यांचं ठाम मत.

ज्या वर्षी बाबा निवृत्त झाले त्याच वर्षी मी ऑफिसच्या फाटकापाशी स्कूटरवरून घसरले आणि डावं मनगट मोडून घेतलं. हाड जुळलं, पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं, मनगट पिळायचं नाही, कायमचं. दांडा सगळा मनगटावर चालतो. मी स्टिक जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर टाकली आणि घरातल्यांवर चिडचिड सुरू केली. चहा गार म्हणून चिडायचं, गरम म्हणून चिडायचं. तिकडे बाबा रिकामे. पेचकस घेऊन घरभर फिरायचे आणि दिसेल तो स्क्रू आवळायचे. कपाटाच्या कड्या आवळल्या, पंखे आवळले, कुकरचं हँडल इतकं आवळलं की नवऱ्याला ते सोडवताना घाम फुटला. आई म्हणायच्या, एक रिकामा आणि एक रुसलेली, यांच्यात माझा जीव जाणार.

एका रविवारी मी खाली आले तर टेबलावर माझी स्टिक उघडी पडलेली, पोटातल्या वायरी बाहेर, आणि बाबा चष्मा कपाळावर चढवून आत बघतायत. मी असा आवाज चढवला की शेजारच्या काकू खिडकीत आल्या. बाबांवर काही परिणाम नाही. ते खूश होते. कित्येक महिन्यांनी मी त्यांना खूश बघत होते, म्हणून मग खुर्ची ओढून शेजारी बसले. त्यांनी मला दाखवलं, दांडा स्वतः काहीच करत नाही. तो हलला की चार बाजूंच्या चार स्विचपैकी एक दाबला जातो, बस. मग दांडा हवाय कशाला? चार स्विचना चार बटणं लावू, बोटांनी दाब, मनगट जागचं हलणार नाही. मी म्हटलं, अशा बिनदांड्याच्या स्टिक बाजारात मिळतात, पण माझा पंजा लहान, त्यांच्यावर बोटं ताणून मनगट वाकडं होतं, मी बघितलंय करून. "मग तुझ्या हाताची करू," ते म्हणाले. खाकी कागद आणला, माझा हात त्यावर ठेवायला सांगितला आणि पेन्सिलीने बोटांभोवती रेघ काढली. मला गुदगुल्या झाल्या आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

पहिली पेटी बघून मात्र मी कपाळावर हात मारला. जाड पत्रा, आणि बटणं सरळ लिफ्टची. दाबली की आत लाल दिवा लागायचा. मांडीवर घेतली तर पाय बधिर झाले. बटणं इतकी कडक की एक ठोसा मारेपर्यंत समोरचा मला चार मारून मोकळा. बाबा म्हणाले, ही बटणं वर्षानुवर्षं हलत नाहीत. मी म्हटलं, तोच तर त्रास आहे, ती हलायला हवीत. मग त्यांना शेजारी बसवून खेळ दाखवला. मी उजव्या हाताने पटापट बटणं मारायला लागले तसा त्यांचा चेहरा पडला. सगळं आयुष्य ज्यांना नावं ठेवली, त्यातलीच एक घरात निघाली, आणि आता तिच्यासाठी बटणं करायची होती.

पण माणूस कामाचा. एकदा मनावर घेतलं की झालं. जुन्या कपाटाची फळी कापून हलकी पेटी केली, कडा घासून अशा गोल केल्या की मनगट टेकलं तरी बोचू नये. बाजारात जाऊन गेमच्या यंत्रातली जुनी बटणं आणली, खाली तीन पायांचा छोटा स्विच असलेली. आतल्या स्प्रिंगा बदलून बघितल्या, मऊ, मग अजून मऊ, मग इतक्या मऊ की बोट नुसतं टेकलं तरी गडी उडी मारायचा, मग पुन्हा थोड्या कडक. प्रत्येक वेळी मला हाक मारायची, दाबून बघ. मी दाबून बघायचे आणि नाक मुरडायचे. आईंनी चामड्याचा तुकडा शिवून पेटीच्या बुडाला लावला, म्हणजे मांडीवरून घसरणार नाही. शेवटी एके दिवशी मी खेळायला बसले आणि चहा गार होईपर्यंत उठलेच नाही. मनगट जराही दुखलं नाही. तेव्हा बाबांनी विचारलं, आज नाक मुरडायचं राहिलं का?

मी गावातल्या स्पर्धेत नाव दिलं. मनाशी ठरवलं होतं, तिथे खेळता आलं तर खेळत राहायचं, नाही आलं तर हे सगळं कोणाला तरी देऊन टाकायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही. हे मी घरात बोलूनही दाखवलं. बाबांनी कामावरच्या सगळ्या जुन्या सोबत्यांना फोन करून सांगून टाकलं की आमची पेटी स्पर्धेत चाललीय. आमची म्हणाले, सुनेची नाही.

स्पर्धा एका क्लबच्या हॉलमध्ये. आम्ही चौघंही गेलो. आत शिरताच एक टेबल, तिथे केस वर बांधलेली एक मुलगी प्रत्येकाची स्टिक पडद्याला जोडून तपासत होती. आमच्या पेटीकडे बघून छान हसली, कोणी केली विचारलं. बाबांची छाती फुगली. तिने डावं दाबलं, उजवं दाबलं, मग दोन्ही एकदम दाबली. पडद्यावरचा गडी डावीकडे चालायला लागला. मुलीचं हसू गेलं. "नापास," ती म्हणाली.

माझा पारा चढला आणि मी तिला चार शब्द सुनावले. ती बिचारी शांत. तिने समजावून सांगितलं, दांडा एका वेळी एकाच बाजूला जातो, बटणं मात्र दोन्ही बाजूंची एकदम दाबता येतात. मागे जायचं बटण धरून बचाव चालू ठेवायचा आणि तेवढ्यात पुढेही पळायचं, ही लबाडी होऊ नये म्हणून नियम आहे. डावं आणि उजवं एकदम दाबलं तर गडी जागचा हलता कामा नये. नियम सगळ्यांना सारखा. तुमचं नाव पुकारेपर्यंत दुरुस्त करून आणा, परत तपासते, म्हणाली. तिचं बरोबर होतं, त्यामुळे मला अजूनच राग आला.

चूक कुठे झाली ते बाबांना लगेच कळलं. त्यांनी पेटीत दोन छोटे रिले, म्हणजे विजेवर आपोआप चालणारे स्विच, बसवले होते, लिफ्टच्या पॅनेलमध्ये असतात तसे. वर जाणारी लिफ्ट मध्येच कोणी खालचं बटण दाबलं म्हणून वळत नाही. ज्याने आधी दाबलं त्याचं आधी. दोन बटणं एकदम दाबली तर काय करायचं, हे लिफ्टवाल्याने कधी कोणाला विचारलेलंच नसतं, म्हणून त्यांनी मला विचारलं नाही. आणि मी दांड्यावर वाढलेली, माझ्या डोक्यात तो प्रश्न येणार कुठून? रिले काढून टाकू का, त्यांनी मुलीला विचारलं. ती म्हणाली, मग दोन्ही एकदम आत जातील, तेही चालणार नाही. एका ओळखीच्या खेळाडूने त्याची दांड्याची स्टिक पुढे केली. मी माझं मनगट दाखवलं, तशी त्याने ती परत घेतली.

बाबा भिंतीकडेच्या खुर्चीवर बसले. पेटी मांडीवर, हात पेटीवर. मी त्यांना असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"माझ्या लिफ्टमध्ये कधी कोणी अडकलं नव्हतं," ते म्हणाले. "आज घरचीच पोर अडकली."

आई पाण्याची बाटली घेऊन आल्या. झालंय काय, ते त्यांना धड कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं, अहो आई, एक दाबलं तर चालायला पाहिजे, दुसरं दाबलं तरी चालायला पाहिजे, आणि दोन्ही एकदम दाबली तर काहीच व्हायला नको, असा नियम आहे. आईंनी बाटलीचं झाकण लावलं.

"मग त्यात काय एवढं," त्या म्हणाल्या. "आपल्या जिन्यातला दिवा."

बाबांनी वर बघितलं. जन्मभर ज्या जिन्याला नाक मुरडलं, तो तिथे हॉलमध्ये त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला होता. त्यांनी पेटी उलटी केली, पिशवीतून पेचकस आणि वायरी जोडायची सोल्डरिंग गन काढली, नवऱ्याला तिच्यासाठी विजेचा बोर्ड शोधायला पिटाळलं. रिले उपटून खिशात टाकले. प्रत्येक स्विचचा तिसरा पाय आजवर रिकामाच होता, बटण दाबलेलं नसेल तेव्हाच वीज जाऊ देणारा. एका स्विचचा रस्ता दुसऱ्याच्या तिसऱ्या पायातून फिरवला आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या. म्हणजे डावं चालणार, पण उजवं मोकळं असेल तरच, आणि उजवं चालणार, पण डावं मोकळं असेल तरच. मी मोबाइलचा उजेड धरला.

माझं नाव पुकारलं तेव्हा शेवटचा स्क्रू बसत होता. मुलीने डावं दाबलं, गडी डावीकडे. उजवं दाबलं, उजवीकडे. दोन्ही दाबली. गडी ढिम्म. तिने पुन्हा दाबली, मग पुन्हा, मग पटापटा पंधरा-वीस वेळा दाबून बघितली. बाबांच्या ओठांवर "एकदा दाबलं की पुरे" आलं होतं, मी बघितलं, पण त्यांनी ते गिळलं.

"पास," मुलगी म्हणाली.

पहिला सामना मी जिंकले. दुसराही जिंकले. तिसऱ्यात एका चुणचुणीत पोरीने मला धुऊन काढलं आणि मी बाहेर. पण मनगट मजेत होतं आणि मी उठले ती हसतच उठले. पुढच्या वेळी तुला बघते, असं तिला सांगूनही आले. पुढची वेळ असणार होती, याचाच मला इतका आनंद झाला होता की हरल्याचं काही वाटलंच नाही. बाबांना तेवढ्यात दोघांनी गाठलं होतं, आमच्या हाताची कराल का म्हणून विचारत होते. बाबा खाकी कागद कुठे मिळेल याची चौकशी करत होते.

घरी आलो तेव्हा दिवे लागायची वेळ. आई खिडक्या लावायला पुढे वर गेल्या. मागून मी, माझ्यामागे बगलेत पेटी धरून बाबा. मी खालचं बटण दाबलं. आईंनीही त्याच क्षणी वरचं दाबलं असणार, कारण जिन्यात मिट्ट अंधार. मी ओरडायला तोंड उघडलं.

अंधारात माझ्या पाठीमागून बाबा समाधानाने म्हणाले, "पास."