दत्तारामच्या यानातली खोली

"दत्ताराम बायकोला आणतोय म्हणे. ठेवणार कुठे, तर त्या यानात! आणि यान तर चाललं माझगावला, म्हणजे आता हा चाळ..."

एवढं ऐकलं आणि नळाला पाणी आलं. बोलणाऱ्या दोघी हंडे घेऊन पळाल्या. चाळ काय? सोडणार? अर्धी ऐकलेली बातमी कच्च्या भातासारखी असते, पोटात दुखत राहते!

आमच्या लालबागच्या चाळीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. गॅलरीत धूळ साठते तसे साठतात. मी आपली झाडू घेऊन दारात उभी असते, इतकंच.

दत्ताराम माझ्या समोरच्या गाळ्यातला, मिलच्या सुतारखात्यात कामाला. गाळ्यात सगळे कोकणातले पुरुष, झोपायचे पाळ्यांवर. एकजण कामावर गेला की त्याच्याच वळकटीवर दुसरा आडवा. बिछाना कधी थंड म्हणून व्हायचा नाही! लग्न होऊन दोन शिमगे गेले तरी दत्तारामची कुसुम गावीच. शेवटी सासऱ्याने निरोप धाडला, "दिवाळीच्या आत मुंबईत बिऱ्हाड करा, नाहीतर पोरगी आम्ही परत आणतो."

बिऱ्हाड करा! लालबागमध्ये!

*

त्याच वर्षी गणपतीत अवकाशयानाचा देखावा ठरला. रशियाने कुत्री वर पाठवली तेव्हापासून आमच्या मंडळाचे अध्यक्ष सबनीस मास्तर जमिनीवर राहिलेच नव्हते. त्यांनी कागदावर यान काढलं. पुढे टोक, मागे ज्वाळा.

दत्ताराम म्हणाला, "मास्तर, पण यात माणसं राहणार कुठे?"

मास्तर गडबडले. "ती क्रूची खोली तू कर. लाकूड घे लागेल तेवढं."

खोली उभी राहायला लागली तशी मी डोकावले. "मोरी कुठाय रे?"

"काकी, अवकाशात मोरी लागत नाही!" मास्तर ओरडले.

"मग चंद्रावर काय पारोसे उतरणार?"

मोरी झाली!

*

मास्तरांचा हट्ट, प्रत्येक अवकाशवीराला स्वतंत्र बिछाना हवा. अख्खा गाळा खो खो हसला. "आणि तो कामाला गेल्यावर बिछान्याने काय करायचं? चांदण्या मोजायच्या?"

मग यानातही पाळ्या लागल्या. गाळेकरीच चंदेरी कागदाचे डगले घालून अवकाशवीर झाले. झोपेचं काम इतकं मन लावून करायचे की घोरणं बाहेर रांगेत ऐकू यायचं.

एकदा दुपारी मास्तर माईकवर रंगात आलेले. "आणि आता आपले वीर चंद्रावर पहिलं पाऊल..."

तेवढ्यात मिलचा भोंगा झाला! दुसऱ्या पाळीचे सगळे वीर टुणकन उठले, डबे उचलले आणि डगल्यांसकट गेटच्या दिशेने पळत सुटले. सगळ्यात पुढे कॅप्टन. त्याचा मुकादम कडक होता.

*

ते दिवसच असे, मोकळी भिंत दिसली की पोरांचे हात शिवशिवायचे. कुणीतरी यानाच्या पोटावर रंगवून ठेवलं, "मुंबईसह चंद्र झालाच पाहिजे!"

हवालदार आला. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. "ही मागणी कसली?"

"चंद्राची, साहेब."

त्याने वर बघितलं, खाली बघितलं, ताटातला एक मोदक उचलला. "चंद्र आमच्या चौकीच्या हद्दीत येत नाही," म्हणाला आणि गेला!

*

खानावळवाल्या भिकूबाईने यानाच्या स्वयंपाकघरात सुक्या बोंबलांची माळ टांगली. "इतक्या लांबचो प्रवास, वाटेत खातले काय?"

भटजी तापले. "बाप्पाच्या मांडवात बोंबील?"

"बाप्पा हयसर आसा भटजीनू, यान थंय चंद्रावर आसा. थंय खंयचा सोवळा?"

शेवटी दत्तारामने पुठ्ठ्याचे बोंबील कापून रंगवले. मांजर आली, एकदा हुंगून निघून गेली. भटजी दोनदा हुंगून गेले!

*

विसर्जन झालं. माझगावच्या एका मंडळाने मास्तरांकडे यान मागितलं, अख्खं. मास्तर शब्द देऊन बसले. हातगाडी दारात आली.

दत्ताराम खोलीच्या दाराला हात लावून उभा. दिवाळी तोंडावर आलेली.

गाळ्यातला एकजण म्हणाला, "मास्तर, तुम्हीच माईकवर सांगत होतात ना, रॉकेट पुढे जातं आणि त्याचा एक भाग वाटेत गळून पडतो?"

"हो. शास्त्र आहे ते."

"मग पडला समजा!"

मास्तरांनी दत्तारामकडे बघितलं, हातगाडीकडे बघितलं, चष्मा पुसला. "शास्त्रापुढे कोण जाणार?" म्हणाले.

खोली गळून पडली ती नेमकी आमच्या गॅलरीच्या टोकाला, माझी सरपणाची लाकडं असायची तिथे. एक बोट इकडे नाही की तिकडे नाही! मेल्याने मापं कधी घेतली, ते मला, मला सुद्धा कळलं नाही. मी लाकडं माझ्या खाटेखाली सरकवली. मालकाचा माणूस चौकशीला आला, त्याला आम्ही सांगितलं, "देखावा आहे." अजून देखावाच आहे!

*

तर त्या बातमीचं असं. बायको आली, खरं. यानात राहिली, तेही खरं. माझगावला मात्र नुसतं टोक आणि ज्वाळा गेल्या.

कुसुम यायची म्हणून दत्तारामने त्याच सकाळी खोलीला बाहेरून पुन्हा चंदेरी रंग दिला होता. ती आली, ट्रंक आत गेली, दार लागलं. नव्या जोडप्यात काही दुखलंखुपलं तर शेजाऱ्यांनी लक्ष ठेवायला नको? मी थोडा वेळ खोलीच्या फळीला लागून उभी राहिले. आतून नुसतं हसू ऐकू येत होतं. मला बरं वाटलं.

मग हंडा घेऊन नळावर गेले. बायकांनी माझ्याकडे बघितलं. मग एकेकीने पदर तोंडात कोंबला.

भिकूबाई पुढे आली, माझी हनुवटी धरून मान वळवली आणि म्हणाली, "काय गो, कान एकटोच चंद्रावर जावन इलो?"