वरचं पोतं

विचार कसा करावा हे शिकवणाऱ्या माणसाला घरातलं काम सांगू नये. हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहितो आहे. लोकांना वाटतं मी मितभाषी आहे. तसं काही नाही. व्यासपीठावर मी तास तास बोलतो. जे बोलायला हवं होतं तेवढंच तोंडातून निघत नव्हतं.

मी वाशिमला कॉलेजात गणित शिकवतो आणि गावोगावी हिशेबी विचार करण्यावर भाषणं देतो. काही वर्षांपूर्वी आम्हा मास्तरांना एका प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता 'दैनंदिन समस्या सोडवण्यासाठी संख्यात्मक विश्लेषण व चिकित्सक विचार'. नाव इतकं लांब की फलकावर दोन ओळींत मावलं नाही. वाशिम शहरात चहाच्या टपऱ्या किती असतील, याचा गटागटानं अंदाज करायला सांगितलं. आम्ही मोठमोठे कागद रंगवले, बाणबिण काढले. बाहेर जाऊन मोजून यावं असं एकालाही वाटलं नाही. बाहेर गेलो ते फक्त चहा प्यायला.

त्या सगळ्या भुशात एक दाणा मात्र खरा होता. शिकवणारा म्हणाला, "शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात ढवळलेला असेल तरच. वरचं शीत तळाच्या करपलेल्या भाताबद्दल काही सांगत नाही." नमुना कसा घ्यायचा, याचं इतकं सोपं वर्णन मी आजवर ऐकलं नव्हतं. ते मी ताबडतोब चोरलं आणि गावोगावच्या भाषणांत माझं म्हणून खपवू लागलो. बायाबापड्या माना डोलावत. आकड्यातला माणूस असून किती साधं बोलतो, म्हणत.

माझा थोरला भाऊ अनसिंगजवळ आमच्या गावी शेती करतो. तो दरसाल घरचंच सोयाबीन बियाण्याला ठेवायचा, आणि बी हे वहिनीचं खातं होतं. वाळवणं, निवडणं, पेरणीआधी औषध चोळणं, सगळं तिच्या हाताखाली. गावातल्या बाया तिला विचारून बी ठेवायच्या. त्या घरात दादाच्या शब्दापुढे कुणी जात नसे, पण बियाण्यापुरता तोही वहिनीकडे पाहायचा.

प्रशिक्षणानंतरच्या उन्हाळ्यात मी गावी गेलो आणि जेवताना म्हणालो, "या वर्षी बियाण्याची उगवण मी तपासतो. शास्त्रीय पद्धतीनं."

"पाह्य बा, तू शिकेल माणूस हायेस," दादा म्हणाला. वहिनीनं ताटात भाकर वाढली.

पद्धत कुणालाही येते. शंभर दाणे घ्यायचे, ओल्या बारदानावर रांगेनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि आठवड्यानं किती अंकुरले ते मोजायचं. दुपारी दादा-वहिनी दोघंही वावरात गेली होती. कोठीत पोत्यांची थप्पी छातीइतकी उंच लागलेली. खालची पोती उपसायची तर अंगभर धूळ, आणि मला संध्याकाळी एका गावात भाषणाला जायचं होतं, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. मी वरच्या पोत्याचं तोंड सोडलं आणि दाणे घेतले. तेही मूठ मारून नाही, एक एक वेचून. सुरकुतलेला दिसला की बाजूला, काळपट दिसला की बाजूला. माझे शंभर दाणे असे टपोरे होते की नवरदेवाच्या अक्षतांत शोभले असते. मग हात धुतले आणि नमुना कसा घ्यावा यावर भाषण द्यायला गेलो.

पुढच्या रविवारी गुंडाळी उघडली. जवळजवळ सगळेच दाणे अंकुरलेले. दादानं शेजाऱ्यांना बोलावून ते बारदान दाखवलं आणि माझ्या हिशेबावर भरवसा ठेवून बी जरा विरळच पेरलं.

पाऊस वेळेवर आला. दहा-बारा दिवसांनी मी वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहिलो तेव्हा समोर एक हिरवा पट्टा होता, चांगला दाट. त्याच्या पलीकडे पेरलेल्या ओळी, तासच्या तास मोकळे, मध्येच कुठंतरी एखादं रोप. मला तिथंच कळलं. हिरवा पट्टा म्हणजे वरचं पोतं. खालची पोती मळणीच्या दिवशी पावसात सापडलेल्या मालाची होती. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, मलाही; पण मी तपासलंय म्हटल्यावर त्याचा विचार कुणी केला नाही.

"काय झालं असन रे?" दादानं विचारलं. "तू त तपासलं होतं."

तपासलं होतं, पण फक्त वरचं. एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी प्रशिक्षणात शिकलेलं सगळं त्या धुऱ्यावर मांडलं. संभाव्य कारणं एकामागून एक घेतली. पाऊस? नाही, चांगला झाला. खोल पेरलं? उकरून पाहिलं, नाही. कीड? दिसत नाही. एकेक कारण खोडत गेलो आणि शेवटी एकच हातात धरलं. "बी चोळताना जोर लागला असेल, दादा. सोयाबीनचं साल फार नाजूक असतं."

यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. आमच्या विद्येची हीच करामत. खऱ्याखऱ्या विटा रचून खोट्याचं घर बांधता येतं आणि वर प्रमाणपत्रही मिळतं.

वहिनी मागंच उभी होती. "दरसालच्यासारखंच चोळलं मी," ती म्हणाली.

"तेच तर," मी म्हणालो. "नशीब दरसाल साथ देत नाही."

तो हिरवा पट्टाही तिनंच चोळलेल्या बियाण्याचा होता. मग तो कसा उगवला? हा प्रश्न आठवीतलं पोरगं विचारील. मी तो कुणाला सुचू दिला नाही, लगेच दुबार पेरणीचं बोलणं काढलं. दुकानातून बी आणून पुन्हा पेरलं, साल निभावलं. पण दादा मारोतीच्या पारावर चारचौघांत बोलून आला, "आमच्या घरच्या बाईनं चोळू चोळू बी मारलं." तेव्हापासून घरात पिशवीचं विकत बी येतं आणि त्याला वहिनीनं हात लावायचा नाही. पेरणी आली की नळावरच्या बाया टोमणा मारतात, "हळू चोळ वं बाई, मरन ते!" बी विचारायला कुणी येत नाही.

आणि मी? मी भाषणात एक नवीन उदाहरण घातलं. 'काही घरांत बी इतकं रगडतात की...' नाव घेत नव्हतो. हशा हमखास यायचा. आमच्याच गावच्या सप्त्यातही मी ते सांगितलं. वहिनी बायांमध्ये बसली होती. हशा ओसरल्यावर मी पाण्याचा घोट घेतला आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो.

झोप उडाली, जेवण तुटलं, असं काही झालं नाही. अपराधी माणसं उत्तम जेवतात. फक्त गावी जाणं कमी झालं आणि त्याला मी कामाचं कारण दिलं.

यंदा किन्हीराजाकडच्या एका गावात भाषण होतं. काय झालं कोण जाणे, नमुन्याचा मुद्दा आला आणि मी सगळं सांगून टाकलं. पोतं, शर्ट, वेचलेले दाणे, वहिनीवर ढकललेला दोष.  मग टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, चूक कबूल करायला मोठं मन लागतं. शाल आणि नारळ मिळाला. भावाच्या बायकोला खोटं पाडलं म्हणून सत्कार झालेला माझ्या माहितीत मी एकटाच. आणि गाडीत बसल्यावर मला खरंच हलकं वाटलं. इतका मी निर्लज्ज.

त्याच हलकेपणात दुसऱ्या दिवशी गावी गेलो. वहिनी ओट्यावर तूर पाखडत होती. तिला सांगितलं सगळं. भाषणाचंही सांगितलं.

सूप थांबलं नाही. "टाळ्या वाजवल्या लोकायनं?"

"हो."

"कोणाले?"

सुपातलं फोलपट उडालं.

"तुमच्या भावाले सांगतलं का?"

"नाही अजून."

"मंग त्या गावच्या लोकायले कायले सांगतलं, भाऊजी? ते काय माह्या घरी जेवतेत? त्यायनं मले बियाण्यापासून उठवलं होतं का?"

दादा वावरातून आला. हातपाय धुऊन माझ्याजवळ बसला. या वेळी समोर मांडव नव्हता, माईक नव्हता. तीन-चार तुटक वाक्यांत सांगितलं. वरचंच पोतं पाहिलं होतं. दाणे निवडून घेतले होते. चोळण्यानं काही झालं नव्हतं. मला त्याच दिवशी कळलं होतं.

दादानं बराच वेळ टॉवेलानं तोंड पुसलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे ना. झालं ते झालं. आता कायले उकरून राह्यला?"

सूप थांबलं.

"तुमचं काय गेलं, जाऊ द्याले?" वहिनी त्याला म्हणाली. "बोल्ले तवा पारावर बोल्ले होते. साऱ्या गावात माह्ये हात वाईट केले. अन् आता वट्यावर बसून भावाले माफी देऊन राह्यले! मले कोणी इचारलं?"

"मंग काय करू म्हन्तं?"

"जिथं बोल्ले तिथं बोला. घरचं बी ठेवाचं का नाही, ते मंग पाहू."

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी वहिनीकडे पाहिलं. तिनं दोघांकडेही पाहिलं नाही. तो उठला, टॉवेल खांद्यावर टाकला, पायात चप्पल घातली आणि पाराच्या वाटेला लागला. सावकाश चालत होता, पण चालत होता.

त्याच्या मागून जावं म्हणून मीही उठलो.

"तुमी बसा, भाऊजी," वहिनी म्हणाली. "तुमी गेले त पुन्यांदा भाषण होईन."